एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, मग काड्या आपोआप एका ओळीत का लागतात?

स्वरदा_नौपाडा (रवि, रात्री ११:१०)
नमस्कार मंडळी. मी ठाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांचे फिजिक्सचे क्लास घेते, नौपाड्यात. थर्मोडायनॅमिक्स शिकवताना मी दरवर्षी सांगत आले की एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, पसारा वाढणं. परवा एका मुलीने विचारलं की मॅडम, लिक्विड क्रिस्टलमधल्या लांबट रेणूंमध्ये आकर्षण अजिबात नाही असं धरलं, एकमेकांत घुसायचं नाही एवढा एकच नियम ठेवला, तरीही गर्दी वाढली की ते एका दिशेला वळतात असं मी वाचलं, आणि लिहिलं होतं की हे एन्ट्रॉपी वाढल्यामुळे होतं, मग पसारा वाढून शिस्त कशी आली? मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते म्हटलं, घरी येऊन शोधायला बसले तर अजून खोलात गेले, चौकोनी जाळीवर काड्या टाकायची मॉडेल्स असतात आणि तिथे काडीची लांबी ७ घरं किंवा जास्त असली तरच असं होतं म्हणे. सात का? सहा का नाही? इथे कुणाला येत असेल तर प्लीज नीट, आकड्यांसकट समजावून द्या. मला तिला अर्धवट काही सांगायचं नाहीये.

कोपरीकर (रवि, रात्री ११:३२)
ताई, ठाण्याला सकाळची फास्ट लोकल आठवा. डब्यात मोकळं असतं तेव्हा लोक वाटेल तसे उभे असतात, गर्दी वाढली की सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे राहतात, कारण आडवं उभं राहिलेल्याला जागाच उरत नाही. तसंच असणार हे.

मीठबंदर (सोम, सकाळी ६:२०)
कोपरीकर, जागेचा मुद्दा बरोबर धरलात पण लोकलचं उदाहरण क्लासमध्ये नको. माणसाला घाटकोपरला उतरायचं असतं, दाराकडे सरकायचं असतं, म्हणजे तिथे इच्छा आली. काड्यांना इच्छा नाही. कुणी म्हणेल डब्यात तांदूळ घालून हलवला तर दाणे लागतात की ओळीत, तेही नको, तिथे गुरुत्वाकर्षण आणि घर्षण काम करतंय.

मी केमिकल कंपनीतून रिटायर झालो, पस्तीस वर्षं थर्मोडायनॅमिक्सशी संबंध आला, त्यामुळे पाया आधी सांगतो. 'हार्ड' कण म्हणजे काय? दोन कण एकमेकांवर आले तर ती मांडणी चालणार नाही, नाही आले तर चालेल. मधलं काही नाही. चालणाऱ्या प्रत्येक मांडणीची ऊर्जा सारखीच, शून्य. म्हणून प्रत्येक मांडणीची शक्यताही सारखीच, आणि तापमानाला इथे कामच उरत नाही, तापवा नाहीतर थंड करा, काही फरक पडत नाही. बदलता येते फक्त गर्दी. आणि एन्ट्रॉपी म्हणजे चालणाऱ्या मांडण्यांच्या संख्येचा लॉगॅरिदम, बस. पसारा हा शब्द त्या व्याख्येत कुठेच नाहीये. तो नंतर कुणीतरी समजावून सांगायला जोडला आणि तो बऱ्याचदा चालतोही, म्हणून चिकटून बसला. ताई, तुमच्या विद्यार्थिनीला पहिलं वाक्य हेच सांगा, की मोजायच्या त्या मांडण्या.

घणसोली_लॅटिस (सोम, सकाळी ९:०५)
मीठबंदर काकांनी पाया घातलाच आहे तर मी मोजून दाखवतो. वही घ्या आणि चौकटी काढा.

काडी समजा ७ घरांची, एक घर रुंद. जाळीवर एक आडवी काडी ठेवली. आता दुसरी काडीसुद्धा आडवीच ठेवायची आहे. पहिलीमुळे तिच्या किती जागा बाद होतात? त्याच ओळीत असेल तरच धडकणार, आणि तिथे ती ६ घरं डावीकडे ते ६ घरं उजवीकडे कुठेही सुरू झाली तरी धडकते, म्हणजे १३ जागा बाद. वरच्या-खालच्या ओळीत काही अडचण नाही.

आता दुसरी काडी उभी ठेवा. पहिलीच्या सातही स्तंभांत ती येऊ शकते, आणि प्रत्येक स्तंभात तिचं सातपैकी कोणतंही घर पहिलीवर बसू शकतं. सात गुणिले सात, ४९ जागा बाद.

१३ आणि ४९! सगळा खेळ या दोन आकड्यांत आहे. काडी आडवी पडून राहिली तर दिशेचं स्वातंत्र्य गेलं, दोनाच्या जागी एकच पर्याय उरला, पण त्या बदल्यात शेजारच्या प्रत्येक काडीला सरकायला कितीतरी जास्त जागा मिळाली. विरळ असताना काड्या एकमेकींना क्वचित भेटतात म्हणून दिशेचं स्वातंत्र्य महाग असतं, कुणी सोडत नाही. गर्दी वाढली की प्रत्येक काडीच्या आजूबाजूला दहा काड्या, तिथे ३६ जागांचा फरक जड पडायला लागतो, आणि एका दिशेच्या मांडण्याच संख्येने इतक्या जास्त होतात की काड्या आंधळेपणाने हलत राहिल्या तरी त्यातच सापडणार. याला नेमॅटिक अवस्था म्हणतात.

हेच २ घरांच्या काडीला करून बघा, समांतर ३ जागा बाद, काटकोनात ४. फरक एकाचा. म्हणून तिथे काहीच होत नाही. हाइलमान आणि लीब यांनी १९७० च्या सुमारास सिद्धच केलं की २ घरांच्या काड्या, ज्यांना डायमर म्हणतात, त्यात मोकळी घरं असतील तर कुठल्याच गर्दीला अवस्थांतर नाही.

स्वरदा_नौपाडा (सोम, दुपारी २:४०)
अहो हे फार सुंदर आहे. मी दुपारच्या बॅचला लगेच करून घेतलं. एकाने ७ बाय ७ चा बोर्ड काढला आणि म्हणाला मॅडम यात तर आडवी आणि उभी काडी एकत्र ठेवताच येत नाही, आडवी टाकली की ती सगळे स्तंभ अडवते. मग आम्ही सगळ्या मांडण्या मोजल्या. आडव्यांच्या २ चा ७ वा घात म्हणजे १२८, उभ्यांच्या १२८, रिकामा बोर्ड दोन्हीकडे मोजला गेला म्हणून एक वजा, एकूण २५५. आणि त्यातल्या प्रत्येक मांडणीत सगळ्या काड्या एकाच दिशेला! एकही नियम 'ओळीत लागा' म्हणून सांगत नाही. वर्ग एकदम शांत झाला होता. पण सात का हा प्रश्न अजून उभाच आहे.

घणसोली_लॅटिस (सोम, रात्री १०:१५)
बोर्डाच्या आकारामुळे तिथे सक्ती झाली, मोठ्या जाळीवर मिश्र मांडण्या असतातच, पण बीज तेच.

सातचं सांगतो आणि थोडा इतिहासही, कारण याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. १९३६ मध्ये तंबाखूच्या पानावर रोग आणणाऱ्या मोझेक विषाणूच्या द्रावणाचा अभ्यास झाला, हा विषाणू म्हणजे साधारण ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड दांडी. द्रावण पुरेसं दाट झालं की त्याचे दोन थर होतात, एका थरात दांड्या वाटेल तशा, दुसऱ्यात एका दिशेला. १९४९ मध्ये लार्स ऑन्सागरने दाखवलं की याला आकर्षण लागत नाही, लांब बारीक आकार आणि गर्दी पुरे. त्याचा युक्तिवाद आपण वर केला तोच, फक्त मोकळ्या अवकाशातला, जिथे काडी कुठल्याही कोनात वळू शकते.

जाळीवर मात्र दोनच दिशा, म्हणून गोष्ट वेगळी वागते. २००७ मध्ये टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेच्या दीपक धर यांनी अनंदमोहन घोष यांच्याबरोबर चौकोनी जाळीवरच्या लांब काड्यांवर पेपर लिहिला, त्यात सिम्युलेशनवरून आलं की लांबी ७ किंवा जास्त असेल तरच नेमॅटिक अवस्था दिसते. कुलाब्यात झालेलं काम आहे हे! धरांना २०२२ चं बोल्ट्झमन पदक, म्हणजे सांख्यिकी भौतिकशास्त्रातला मोठा सन्मान, मिळालं, जॉन हॉपफिल्डबरोबर, हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. मला या गोष्टीचा खरंच अभिमान वाटतो आणि आपल्याकडे पेपरात यायला हवी होती तेवढी आली नाही.

सात हा आकडा कागदावर सोडवून आलेला नाही, तो संगणकावर मोजून आलेला आहे. खूप लांब काड्यांसाठी नेमॅटिक अवस्था असतेच असं पक्कं गणिती प्रूफ दिसेर्तोरी आणि जुलियानी यांनी २०१३ मध्ये दिलं. सहापर्यंत फायदा तोट्याला पुरत नाही, सातला पुरतो, इतकं काठावरचं प्रकरण आहे ते. सातला ही शिस्त साधारण ७४-७५ टक्के घरं भरली की सुरू होते.

ऐरोली_नाइटशिफ्ट (मंगळ, पहाटे ३:३०)
घणसोली दादा, त्या २००७ च्या पेपरात अजून एक गोष्ट आहे ती का नाही सांगितली, मला तर तीच जास्त विचित्र वाटली. गर्दी अजून वाढवत नेली, अगदी पूर्ण भरेपर्यंत, तर शिस्त परत मोडते म्हणे! म्हणजे कमी गर्दीत पसारा, मध्ये शिस्त, आणि ठासून भरल्यावर परत पसारा. हे मला पटलं नाही म्हणून मी शिफ्टमध्ये वेळ मिळाला तसं मोजलं.

७० बाय ७० ची जाळी घेतली, कडा जोडलेल्या, म्हणजे उजवीकडून बाहेर गेलेली काडी डावीकडून आत येते. सगळं भरलेलं आणि सगळ्या काड्या आडव्या. प्रत्येक ओळ ७ प्रकारे भरता येते कारण पूर्ण ओळ एकेक घर सरकवता येते, ७० ओळी, म्हणजे ७ चा ७० वा घात, ६० अंकी संख्या. पसाऱ्यासाठी मी सोपी मांडणी घेतली, जाळीचे ७ बाय ७ चे १०० तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा एकतर सात आडव्या काड्यांनी भरायचा नाहीतर सात उभ्या. २ चा १०० वा घात, ३१ अंकी. म्हणजे शिस्तच जिंकतेय की. माझं कुठे चुकतंय?

घणसोली_लॅटिस (मंगळ, सकाळी ८:५०)
चुकलं काहीच नाही, जाळी लहान पडली. आता ७० च्या जागी ७०० करा आणि परत मोजा.

ऐरोली_नाइटशिफ्ट (मंगळ, सकाळी ९:२५)
केलं. ओळी ७००, म्हणून ७ चा ७०० वा घात, ५९२ अंकी. तुकडे मात्र १००० नाही तर १०,०००, म्हणून २ चा १०,००० वा घात, ३०११ अंकी!! आत्ता कळलं. ओळींचं स्वातंत्र्य बाजूच्या लांबीच्या हिशेबाने वाढतं आणि तुकड्यांचं क्षेत्रफळाच्या. जाळी मोठी केली की क्षेत्रफळच जिंकणार. घरी जाताना ठाणे-वाशी लोकलमध्ये हेच डोक्यात घोळणार माझ्या.

मीठबंदर (मंगळ, सकाळी १०:००)
शाब्बास. आणि हे बघ, तू पसाऱ्याच्या सगळ्या मांडण्या मोजल्याच नाहीस, फक्त एक सोपा प्रकार मोजलास, खऱ्या त्याहून कितीतरी जास्त. तरीही जिंकला.

मधल्या गर्दीत असं का होत नाही तेही सांगतो. तिथे प्रत्येक ओळीत मोकळी घरं असतात, ती घरं काड्यांच्या मध्ये कुठेही वाटता येतात, त्यामुळे एका ओळीच्याच असंख्य मांडण्या होतात आणि शिस्तीचं स्वातंत्र्यही क्षेत्रफळाने वाढतं. मोकळी घरं संपत आली की ओळीचा श्वास कोंडतो, शेवटी सातच प्रकार उरतात. मग काड्यांना फक्त तुकड्यातुकड्याने दिशा बदलण्यातच वाव मिळतो. सातच्या काडीला ही दुसरी पायरी साधारण ९२ टक्के भरल्यावर येते. तापमानाच्या जगात आपण एकदा गोठलेलं अजून थंड करून वितळताना क्वचितच बघतो, आणि इथे फक्त मोजणीच्या जोरावर ते होतंय, याचं मला या वयातही अप्रूप वाटतं.

ऐरोली_नाइटशिफ्ट (बुध, रात्री १:१५)
मी कोड लिहिला, काडी टाका-काडी काढा असा साधा मॉन्टे कार्लो, म्हणजे प्रत्येक पाऊल नशिबावर सोडायचं. ८० टक्क्यांपर्यंत चाललं, एका रनमध्ये सगळ्या आडव्या झाल्या, दुसऱ्यात सगळ्या उभ्या, स्क्रीनवर लाल-निळा रंग देऊन बघताना अंगावर काटा आला. पण ९० च्या पुढे अडकतो, लॅपटॉप रात्रभर चालवला तरी चित्र हलत नाही.

घणसोली_लॅटिस (बुध, सकाळी ९:१०)
अडकणारच, एक काडी काढली की तिच्या जागेवर तीच काडी परत बसते, दुसरी बसायला सलग ७ घरं मिळतच नाहीत. यावर कुंडू, राजेश, धर आणि स्टिल्क यांनी काढलेली युक्ती वापर, २०१३ चा पेपर आहे. उभ्या काड्या तशाच ठेव आणि आडव्या सगळ्याच्या सगळ्या उचल. आता प्रत्येक ओळीत उभ्यांच्या मधले मोकळे पट्टे राहिले, प्रत्येक पट्टा हा एका ओळीतला प्रश्न झाला आणि तो अचूक सोडवता येतो, कुठल्या घरापासून काडी सुरू व्हायची शक्यता किती हे आधीच टेबल करून ठेव आणि त्या हिशेबाने पट्टे परत भर. मग उभ्या सगळ्या उचल, तसंच कर. ओळी एकमेकींपासून स्वतंत्र असल्यामुळे एकदम समांतर चालवता येतं. दुसरी पायरी नीट अभ्यासता आली ती यामुळेच.

एपीएमसी_गाळा (बुध, दुपारी १२:४५)
मी फिजिक्सवाला नाही, वाशीच्या मार्केटात फळांचा धंदा आहे आमचा, पण धागा पहिल्यापासून वाचतोय म्हणून विचारतो. टेम्पोत क्रेट गच्च लावले आणि मधला एक क्रेट काढला की त्या रांगेतले बाकीचे क्रेट वाटेत थोडे थोडे सरकतात, एक क्रेटएवढी जागा एका ठिकाणी राहतच नाही, वाशीहून नाशिकला पोचेपर्यंत रांगभर वाटली जाते. आणि एकदा ती रांग अशी सरकली की तिच्यातले क्रेट बाजूच्या रांगेत सरकवता येत नाहीत, कोपरे अडतात. याचा तुमच्या विषयाशी काही संबंध आहे का? टेम्पो हलतो म्हणून होतं हे मला कळतंय.

मीठबंदर (बुध, दुपारी ३:३०)
संबंध आहे का म्हणता! तुम्ही एक अख्खं मॉडेल सांगितलंत. जाळीवर २ बाय २ घरांचे चौकोन ठेवायचे, हे तुमचे क्रेट. २० घरं लांब आणि २ रुंद अशी एक रांग घ्या, तीत १० चौकोन मावतात. एक काढला, ९ राहिले, दोन घर लांबीची पोकळी पडली. ती अख्खी राहिली तर तिच्या जागा १०. पण तुम्ही म्हणालात तशी तिची एकेक घराची दोन अर्धुकं झाली आणि ती वेगवेगळी भटकली, तर मांडण्या ५५. दहाच्या पंचावन्न झाल्या, आणि हे फक्त एका पोकळीमुळे.

आता तुमचा दुसरा मुद्दा, कोपरे अडतात. एका रांगेने लांबीच्या दिशेने सरकायचं ठरवलं की शेजारच्यांना आडव्या दिशेने सरकायचा मार्ग बंद. म्हणून सगळ्या जाळीने मिळून एक दिशा निवडावी लागते, सगळ्या रांगा उभ्या नाहीतर सगळ्या आडव्या. रांगांची ही शिस्त मोकळ्या जागांच्या भटकण्यातून येते. मोकळी जागा असते म्हणूनच शिस्त असते, हे मला या मॉडेलमध्ये सगळ्यात आवडतं. जाळी साधारण ९३ टक्के भरली की हे सुरू होतं. तुम्ही ज्या बारकाईने बघता तसं बघणारे विद्यार्थी मला हवे होते.

एपीएमसी_गाळा (बुध, दुपारी ३:५०)
काका धन्यवाद. आज गाळ्यावर पोराला वही देऊन ५५ मोजायला बसवलंय.

कोपरीकर (बुध, रात्री ९:४०)
माझं लोकलचं उदाहरण मागे घेतो, १३ आणि ४९ जास्त चांगलं आहे. एक विचारायचं होतं, यातलं कुठलं मॉडेल कागदावर पूर्ण सुटलंय का, संगणकाशिवाय?

घणसोली_लॅटिस (बुध, रात्री ११:२०)
सुटलंय, आणि त्यात रामानुजन आहेत. त्रिकोणी जाळी घ्या, प्रत्येक घराला सहा शेजारी. नियम एकच, कण बसला की त्याच्या सहाही शेजाऱ्यांनी रिकामं राहायचं. जास्तीत जास्त एक तृतीयांश घरं भरतात आणि ती तीन प्रकारे. विरळ असताना तिन्ही प्रकार सारखे, गर्दीत कण तीनपैकी एकावर जमतात. रॉडनी बॅक्स्टरने १९८० मध्ये हे अचूक सोडवलं. हा बदल होतो ती घनता, म्हणजे भरलेल्या घरांचं प्रमाण, ५ वजा वर्गमूळ ५, भागिले १०, म्हणजे ०.२७६४. हेच चौकोनी जाळीवर, चार शेजाऱ्यांचं, दिसायला सोपं वाटतं पण तसं अचूक सुटलेलं नाही.

बॅक्स्टरला त्या सोडवणुकीत रॉजर्स-रामानुजन नित्यसमीकरणं भेटली, जी रॉजर्सने १८९४ मध्ये दिली होती आणि रामानुजनना स्वतंत्रपणे सापडली. त्यातलं एक असं सांगता येतं. ९ ची अशी फोड करा की कुठल्याही दोन संख्यांत किमान २ चा फरक हवा: ९, ८+१, ७+२, ६+३, ५+३+१. पाच झाल्या. आता फक्त १, ४, ६, ९ अशा, पाचाने भागून १ किंवा ४ उरणाऱ्या संख्या वापरा: ९, ६+१+१+१, ४+४+१, चार आणि पाच एक, नऊ एक. परत पाच. कुठलाही आकडा घ्या, दोन्ही बाजू सारख्याच येतात. किमान २ चा फरक म्हणजे काय, लागून असलेल्या दोन संख्या एकत्र नकोत. शेजारचं घर रिकामं ठेवा! कणांचा नियम आणि रामानुजनचा नियम एकच आहे, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहाटेपर्यंत झोपलो नव्हतो.

स्वरदा_नौपाडा (शुक्र, रात्री १०:३०)
सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्या मुलीला आणि वर्गाला सगळं सांगितलं. 'एन्ट्रॉपी म्हणजे पसारा' हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि मुलांसमोरच पुसलं, मागच्या बॅचच्या ग्रुपवरही दुरुस्ती पाठवली कारण त्यांनाही मी तेच शिकवलं होतं. ऐरोलीकरांनी पाठवलेली लाल-निळी चित्रं मोबाइलवर दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने घरी जाऊन लांबी २ पासून ८ पर्यंत सगळ्यांची बाद जागांची यादी केली आणि दोन्हींतला फरक काढला: १, ४, ९, १६, २५, ३६, ४९. मला मेसेज केला, मॅडम हे सगळे वर्ग आहेत, काडीच्या लांबीतून एक वजा करून त्याचा वर्ग, हे असंच येणार का नेहमी? मी तिला लिहिलं की करून बघ. दहा मिनिटांत वहीचा फोटो आला, लांबीचा वर्ग, वजा दोनदा लांबी, अधिक एक, आणि खाली दोनदा रेघ मारलेली.